एका मिलिमीटरची मुभा

कुस्तीचा वाद बेळगाव भागात कुणाला शिकवावा लागत नाही. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंद केसरी झाले. आजच्या मॅटवरच्या पोरांपुढं ते कसे लढले असते, यावर चिक्कोडी-निपाणीकडं अजूनही चहा गार होतो. शहरात टिळकवाडीच्या, कॅम्पातल्या स्नूकर टेबलांभोवती तोच वाद वेगळ्या नावांनी चालतो. नव्वदच्या दशकातल्या स्टीफन हेंड्रीवर जीव असलेले, केस पिकलेले म्हणणार, "मर्दा, हेंड्रीचा काळ तू बघितलास कुठं?" पोरं मोबाईलवर रॉनी ओ'सलिव्हनचे ब्रेक, म्हणजे न चुकता सलग चेंडू आत घालत केलेल्या खेळ्या, लावून दाखवणार. मध्येच कुणीतरी पंकज अडवाणीचं नाव काढतो. मग स्नूकर राहतं बाजूला आणि पुण्यात जन्मलेला, बंगळुरात वाढलेला हा गडी नेमका कुणाचा, असा आपला नेहमीचा सीमाप्रश्न सुरू होतो.

दोन्ही वादांत एक मोठा फरक आहे. पन्नाशीतला पैलवान पंचविशीतल्या गड्याशी जोड लावून फडात उतरत नाही. स्नूकरमध्ये उतरतो. ओ'सलिव्हननं यूके चॅम्पियनशिप पहिल्यांदा जिंकली १९९३ मध्ये, वय १७. शेवटची जिंकली २०२३ मध्ये, वय ४७. त्या स्पर्धेचा सर्वांत तरुण विजेता तोच आणि सर्वांत वयस्कर विजेताही तोच. २०२५ च्या जागतिक अंतिम सामन्यात चीनच्या झाओ शिनतोंगसमोर ५० वर्षांचा मार्क विल्यम्स उभा होता. हरला, पण तिथवर पोचला. हे शरीर-मेंदूच्या पातळीवर कसं जमतं ते बघितलं, की फॉर्मबद्दलचे आणि महानतेबद्दलचे निम्मे दावे आपोआप सैल पडतात.

सुरुवात भूमितीपासून करू. समजा पांढऱ्या चेंडूपासून लाल चेंडू एक मीटरवर आहे आणि लालपासून कोपऱ्यातलं पॉकेट आणखी एक मीटरवर, सगळं एका सरळ रेषेत. पार्लरमध्ये याला कुणी अवघड म्हणणार नाही. आता क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, दिशा फक्त ०.१ अंशानं चुकवा. पांढरा एक मीटर जाईपर्यंत जेमतेम १.७ मिलिमीटर बाजूला सरकतो. पण चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर. एवढ्या लहान गोलावर पावणेदोन मिलिमीटर बाजूला टक्कर झाली, की लाल चेंडूची दिशा १.८ अंशांनी फिरते. चूक १८ पट झाली! पुढच्या मीटरभरात लाल सुमारे ३१ मिलिमीटर भरकटतो. कोपऱ्यातलं पॉकेट साधारण साडेतीन इंचांचं, म्हणजे ८९ मिलिमीटरचं. चेंडूची रुंदी वजा केली, तर दोन्ही बाजूंना १८-१८ मिलिमीटर उरतात. लाल चेंडू पॉकेटच्या कडेला लागून परत येतो.

हाच हिशेब उलटा केला तर खरी गंमत कळते. पुढचा हात, म्हणजे ब्रिज, आणि क्यू धरणारा मागचा हात यांत साधारण मीटरभर अंतर असतं. चेंडू आत जायला हवा असेल, तर मागच्या हाताला बाजूला सरकायची मुभा मिळते सुमारे एका मिलिमीटरची. क्यू फिरली की टोकही मधोमध लागत नाही आणि नको असलेली साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लागते, ते संकट वेगळंच. टेबलाची लांबी साडेतीन मीटरच्या वर आहे. लांबचा पॉट असेल तर ही मुभाही आणखी आक्रसते.

म्हणजे या खेळात ताकद, वेग, प्रतिक्षिप्त क्रिया यांना फारसं काम नाही. वयाबरोबर सर्वांत आधी घसरणाऱ्या गोष्टी नेमक्या त्याच. समोरचा चेंडू तुमच्याकडं ताशी १४० किलोमीटरनं येत नाही, तो हिरव्या कापडावर निवांत थांबलेला असतो. १९७८ मध्ये रे रिअर्डननं ४५ व्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं, आणि त्याच स्पर्धेत ६४ वर्षांचा फ्रेड डेव्हिस उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. रिअर्डनचा विक्रम मोडायला २०२२ उजाडलं. तो ओ'सलिव्हननं मोडला तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

वय मारतं ते डोळ्यांवर. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळ-लांब असं पटापट बघायला जड जातं. स्नूकरपटूला नेमकं तेच हवं असतं, एक नजर क्यूच्या टोकाजवळ आणि दुसरी तीन मीटरवरच्या चेंडूवर. त्यात तो हनुवटी क्यूला टेकवून वाकलेला, त्यामुळं साध्या चष्म्याच्या वरच्या काठावरून बघायची वेळ येते. डेनिस टेलरनं म्हणून उलट्या चौकटीचा, कपाळापर्यंत चढणारा मोठा चष्मा वापरला आणि तोच घालून १९८५ चा जागतिक अंतिम सामना शेवटच्या काळ्या चेंडूवर स्टीव्ह डेव्हिसकडून खेचून नेला.

नजरेच्या बाबतीत अनुभवाची बाजू मात्र भक्कम आहे. कॅनडातल्या संशोधक जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा मागोवा घेणारी उपकरणं वापरून दाखवलं, की निष्णात माणूस हालचाल सुरू करण्यापूर्वी लक्ष्यावर नजर जास्त वेळ स्थिर ठेवतो. बिलियर्ड्स खेळणाऱ्यांवर नंतर झालेल्या प्रयोगांतही हेच दिसलं. कसलेल्यांची शेवटची नजर लांब, नवख्यांची भिरभिरती. ही सवय पन्नाशीत गळून पडावी असं काही कारण नाही.

मग हेंड्री का संपला? १९९० मध्ये २१ व्या वर्षी तो सर्वांत तरुण जगज्जेता झाला, १९९९ पर्यंत त्यानं सात विजेतेपदं घेतली आणि तेव्हा तो फक्त तिशीत होता. त्यानंतर एकही नाही. त्यानं स्वतःच सांगितलंय, की क्यू पुढं सोडण्याच्या ऐन क्षणी हात अडकायचा. खेळाडू याला यिप्स म्हणतात. वर्षानुवर्षं आपोआप होत आलेली हालचाल मेंदू अचानक जाणीवपूर्वक करू बघतो आणि अडखळतो. वर काढलेला एक मिलिमीटर इथंच हातातून जातो. हेंड्रीचं वय झालं होतं म्हणून तो हरला असं म्हणणाऱ्यांना विल्यम्सकडं बोट दाखवायला हवं.

आता शतकांच्या आकड्यांकडं येऊ, कारण वादात सर्वांत जास्त फेकला जाणारा पुरावा तोच. ओ'सलिव्हनची शतकं, म्हणजे शंभर किंवा जास्त गुणांचे ब्रेक, हजाराच्या पुढं, हेंड्रीची पावणेआठशेच्या आसपास. पोरांच्या मते विषय तिथंच संपतो. मला हा पुरावा सर्वांत कच्चा वाटतो. लाल चेंडूचा एक गुण, काळ्याचे सर्वांत जास्त म्हणजे सात; प्रत्येक लालनंतर काळाच मिळाला, तरी शतकाला सलग २६ चेंडू आत घालावे लागतात. एक चेंडू जाण्याची शक्यता ९० टक्के असेल, तर ०.९ चा २६ वेळा गुणाकार करा. उत्तर येतं साडेसहा टक्के. ९५ टक्के असेल तर २६ टक्के, ९७ असेल तर ४५ आणि ९९ असेल तर ७७. दर फटक्याला दोन टक्क्यांची सुधारणा झाली, की शतकं जवळजवळ पावणेदोन पट होतात. खेळाडू पावणेदोन पट भारी झाला असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि हे दोन टक्के कापडातूनही येऊ शकतात. बेळगावात जून ते सप्टेंबर टेबलावर खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. टेबलाचं कापड लोकरीचं असतं. लोकर हवेतला ओलावा पिते, घर्षण वाढतं आणि मार्चमध्ये हलक्या टचनं काळ्यामागं जाणारा पांढरा श्रावणात मध्येच बसतो. टेबल सांभाळणारा मार्कर कापडाला ब्रश मारतो, इस्त्री फिरवतो, तरी पावसापुढं काही चालत नाही. मग पोरं जोर लावून मारतात, आणि जोर लावला की मागचा हात हलतो. मोठ्या स्पर्धांमध्ये स्लेटच्या खाली विजेचे हीटर असतात, कापड कायम कोरडं राहतं. जुन्या काळातलं कापड जाडही होतं आणि पूर्वीचे क्रिस्टलेटचे चेंडू जाऊन आता फिनॉलिक रेझिनचे आलेत. टीव्हीवर दिसलेला पहिला १४७ चा, म्हणजे सगळे लाल काळ्यासोबत घेऊन टेबल साफ केल्याचा, ब्रेक स्टीव्ह डेव्हिसचा, १९८२ चा. आज अधिकृत १४७ दोनशेच्या पुढं गेले आहेत. त्यात माणसाचं श्रेय किती आणि टेबलाचं किती, हे नुसत्या शतकांच्या यादीतून वेगळं काढता येत नाही.

फॉर्मचंही असंच. ओ'सलिव्हनचं २०२५ साल घ्या. जानेवारीत वैतागून क्यू मोडली आणि मास्टर्स या मोठ्या स्पर्धेतून माघार घेतली. मे महिन्यात जागतिक उपांत्य फेरीत झाओकडून ७-१७ असा मार खाल्ला. लोकांनी "संपला" म्हणून टाकलं. ऑगस्टमध्ये सौदीतल्या जेद्दाहला याच माणसानं एकाच सामन्यात दोनदा १४७ केले, ४९ व्या वर्षी. अंतिम सामना मात्र नील रॉबर्टसनकडून ९-१० नं हरला. या आठ महिन्यांत त्याचा दर्जा इतका वर-खाली झाला असेल?

हात तापतो की नाही, म्हणजे दोन-चार फटके लागले की पुढचाही लागण्याची शक्यता वाढते का, यावर शास्त्रज्ञांमध्येही जुनी खडाजंगी आहे. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलचे आकडे तपासून सांगितलं, की तापलेला हात हा बघणाऱ्यांचा भ्रम आहे. तीस-एक वर्षं तेच प्रमाण मानलं गेलं. २०१८ मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी त्या हिशेबातली खोच काढली. नाणं तीनदा उडवा, छाप्यानंतर पुन्हा छापा किती वेळा आला त्याचं प्रमाण काढा, आणि अशा सगळ्या मालिकांची सरासरी घ्या. ती ५० टक्के येत नाही, ४२ च्या आसपास येते. म्हणजे खेळाडूच्या आकड्यांत ५० दिसले, तर त्याचा हात थोडा तरी तापलेलाच होता. स्नूकरमध्ये तर याला आणखी एक साधं कारण आहे. पोझिशन चांगली लागली की पुढचा फटका सोपा होतो, त्यातून त्याच्या पुढचा, आणि या सगळ्या वेळात प्रतिस्पर्धी खुर्चीत बसून पाणी पीत असतो. धावसंख्येची लाट स्वतःच स्वतःला पुढं ढकलते. बघणाऱ्याला ती खेळाडूच्या अंगात आल्यासारखी दिसते.

शिवाय सामना किती लांब, यावर बरंच ठरतं. एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा थोडासाच सरस आहे आणि प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक डाव, जिंकण्याची त्याची शक्यता ५५ टक्के आहे, असं धरा. सात फ्रेमच्या सामन्यात तो जिंकण्याची शक्यता ६१ टक्के, म्हणजे पाचातले जवळजवळ दोन सामने तो हरणार आणि आपण त्याला आउट ऑफ फॉर्म म्हणणार. जागतिक अंतिम सामना ३५ फ्रेमचा. तिथं तीच शक्यता ७२ टक्क्यांवर जाते. लहान सामन्यांवरून कुणाचा काळ संपला हे ठरवणं म्हणूनच घाईचं. लांब सामन्यांतली विजेतेपदं हा त्यातल्या त्यात प्रामाणिक पुरावा, आणि तिथं हेंड्री-ओ'सलिव्हन सात-सात बरोबरीत आहेत. हेंड्रीची सात नऊ वर्षांत आली, ओ'सलिव्हनची २००१ ते २०२२ अशी पसरलेली. मला दुसरं जास्त अवघड वाटतं, कारण त्यानं दोन-तीन पिढ्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना हरवलं. हेंड्रीवाले इथं मान हलवणार, हलवू देत.

पिढ्यांची तुलना करायचा एक वेगळा मार्ग आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठाच्या जोसेफ ओब्रायन आणि जेम्स ग्लीसन यांनी २०२० मध्ये काढला. १९६८ पासूनचे सुमारे ४७ हजार सामने त्यांनी घेतले आणि एकच नियम लावला. तुम्ही ज्याच्याकडून हरलात, त्याच्या नावावर तुमचं एक मत. मोठ्या खेळाडूचं मत जास्त वजनाचं. इंटरनेटवर कुठलं पान वर दाखवायचं हे गुगल सुरुवातीला असंच ठरवत असे. स्टीव्ह डेव्हिस हेंड्रीशी खेळला, हेंड्री ओ'सलिव्हनशी, अशी साखळी जुळत जाते आणि कधीच समोरासमोर न आलेल्यांचीही तुलना होते. उत्तर आलं ते पार्लरमधल्या कुठल्याच गटाला आवडणारं नव्हतं. पहिला जॉन हिगिन्स, दुसरा ओ'सलिव्हन, तिसरा मार्क विल्यम्स. हेंड्री त्यांच्यामागं.

हे तिघेही १९९२ मध्येच व्यावसायिक झाले, हा योगायोग दुर्लक्षून चालणार नाही. त्यांच्या काळात स्पर्धा वाढल्या, सामने वाढले, म्हणजे मतंही वाढली. पद्धत जास्त खेळणाऱ्याला झुकतं माप देते. आणि साखळी १९६८ च्या मागं जातच नाही. त्यामुळं १९२७ ते १९४६ या काळात १५ वेळा जगज्जेता झालेला जो डेव्हिस त्या यादीत येऊच शकत नाही. हेंड्रीवाले आणि रॉनीवाले दोघंही गप्प बसावेत म्हणून त्याचं नाव पुढं करणारे लोक असतात, पण त्यांनी १९३१ ची स्पर्धा जरूर बघावी. त्या वर्षी जागतिक विजेतेपदासाठी नाव नोंदवलं होतं फक्त दोघांनी, जो डेव्हिस आणि टॉम डेनिस. पहिला सामना हाच अंतिम सामना होता.