दाद की विस्मय? नाण्यांच्या जादूतला जुना वाद

नाणं बोटांच्या पेरांवरून सरसर फिरवून दाखवायचं, की ते हातात होतं याचाही पत्ता लागू द्यायचा नाही? नाण्यांची जादू करणाऱ्यांमध्ये हा वाद अजून रंगतो. पहिल्या प्रकारात हमखास टाळ्या पडतात, दुसऱ्यात कधी कधी टाळी वाजवायचंही सुचत नाही. मला विचाराल, तर हा वाद आवडीनिवडीचा कमी आणि प्रेक्षक किती लांब बसला आहे याचा जास्त आहे. त्याचा इतिहास तरी तसंच सांगतो.

सुरुवातीला चिंता वेगळीच होती. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉटने १५८४ साली चेटूक-करणीच्या समजुतींवर हल्ला चढवणारा ग्रंथ काढला, त्यात हातचलाखीच्या प्रयोगांचाही खुलासा केला. गोळे, पत्ते आणि नाणी या तीन गोष्टींवर त्याचा भर होता. नाणं तळहातात कसं दडवायचं हे त्याने सरळ लिहून टाकलं. यात सैतानाचा हात नसून माणसाचाच आहे, हे त्याला पटवून द्यायचं होतं. चेटकीण म्हणून माणसं फासावर जात होती त्या काळात ‘ही नुसती सफाई आहे’ हे कळणंच बरं होतं.

भीती ओसरल्यावर प्रश्न कलेचा झाला. पॅरिसमध्ये १८४५ साली स्वतःचं थिएटर उघडणारा रॉबेर-उदँ मूळचा घड्याळजी. १८६८ च्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिलं, की जादूगार हा कसरतपटू नव्हे, जादूगाराची भूमिका करणारा नट आहे. त्याच्या बोटांना वेगापेक्षा कौशल्याची गरज असते. हे विधान इतक्यांनी इतक्या वेळा उद्धृत केलंय, की त्यातला दुसरा भाग बहुतेक जण गाळतात. खरं तर नाण्याच्या जादूला तोच जास्त लागू पडतो. हात डोळ्यापेक्षा चपळ असतो हे लोकांचं आवडतं स्पष्टीकरण, पण झटका दिलेला हात लगेच नजरेत भरतो. नाणं अंगठ्याच्या मुळाशी आणि समोरच्या मांसल भागात हलकं दाबून हात सैल ठेवला, तर त्याकडे कुणी बघतही नाही.

मग म्युझिक हॉल, म्हणजे एकाच कार्यक्रमात गाणी, कसरती, जादू असे नाना खेळ दाखवणारी सभागृहं, आले आणि चित्र पालटलं. मोठं सभागृह, जेमतेम काही मिनिटांचा वेळ, आधी कसरतवाले, नंतर गाणारी. अशा ठिकाणी टी. नेल्सन डाउन्स उभा राहिला. १८६७ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जन्मलेला हा माणूस आधी रेल्वेत तारबाबू होता. १८९९ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरात त्याचा खेळ असा गाजला, की मुक्काम वाढतच गेला. ‘नाण्यांचा राजा’ हे बिरुद तो मिरवत असे.

त्याचा गाजलेला प्रयोग ‘कंजुषाचं स्वप्न’. रिकाम्या हवेतून एकेक नाणं काढायचं आणि टोपीत टाकायचं. शेवटच्या रांगेतल्याला नाणं नीट दिसत नसेल, पण टोपीतला खणखणाट ऐकू येई. आणि हवेतून पैसे मिळावेत ही इच्छा कुणाला समजावून सांगावी लागत नाही. यामागचं तंत्र म्हणजे बॅक पाम. नाण्याची कड तर्जनी आणि करंगळी यांच्यात पकडून ते हाताच्या मागे धरायचं. तळहात स्वच्छ दिसतो. हात वळवला की नाणं बोटांमधून पुढे आणायचं.

डाउन्सला नुसता बोटांचा कसरतपटू ठरवणारे मला पटत नाहीत. त्याची सगळ्यात अवघड करामत प्रेक्षकांना दिसतच नव्हती. बिघाड त्याच्या नकलाकारांनी केला. त्यांनी बोटांची चमक उचलली, स्वप्न मागेच राहिलं.

त्याच रंगमंचावर नेट लाइपझिगने (१८७३–१९३९) वेगळी वाट काढली. पेरांवरून नाणं फिरवण्यात तो वाकबगार होताच. शिवाय काही प्रेक्षकांना तो मंचावर बोलावून शेजारी बसवी. सभागृह त्यांचे थक्क झालेले चेहरे बघे, आणि विस्मय तिथून मागच्या रांगांपर्यंत पोचे. ही युक्ती मला नाणं हातात दडवण्याच्या कुठल्याही तंत्रापेक्षा (पामिंगपेक्षा) हुशारीची वाटते.

लाइपझिगला मानणारा डाय व्हर्नन (१८९४–१९९२) पुढे क्लोज-अप जादूचा, म्हणजे अगदी समोर बसलेल्यांना दाखवायच्या जादूचा, गुरू ठरला. त्याचा आग्रह एकच: हालचाल नैसर्गिक हवी. हातात काही नसताना हात जसा वागतो, तसाच नाणं असतानाही वागला पाहिजे. स्कॉटलंडमधला जॉन रॅमझी तर जाणकार जादूगारांनाच त्यांच्या माहितीच्या जोरावर फसवी. हातात काहीतरी दडवलंय असा संशय तो मुद्दाम येऊ देई, सगळे त्या हातावर डोळे रोखत आणि हात रिकामा निघे. इथे दिसणारं कौशल्यच आमिष झालं होतं.

१९७० च्या दशकापासून न्यूयॉर्कच्या डेव्हिड रॉथने नाण्यांना कथानक दिलं. टेबलावर कापडाचं काळं वर्तुळ पसरायचं, ते भोक आहे असं सांगायचं आणि नाणी त्यात टाकायची. तंत्र अत्यंत अवघड, पण बघणाऱ्याच्या लक्षात राहतं ते भोक.

आता फोनचा पडदा पुन्हा चमकत्या बोटांना झुकतं माप देतोय. पडद्यावर नाणं नाहीसं झालं तर एडिटिंगचा संशय येतो. पेरांवरून फिरणाऱ्या नाण्यावर तो सहसा येत नाही. म्युझिक हॉलचं अंतर असं नव्या रूपात परत आलंय. याउलट समोर बसलेल्याकडूनच नाणं मागून घेतलं आणि ते त्याच्याच मुठीतून नाहीसं करायचं असेल, तर आधी बोटांची कसरत दाखवणं महागात पडतं. तो सावध होतो, मूठ आवळतो आणि तुमच्या हातावरची नजर हटवत नाही.