कार्यक्रमाचा निधी आणि संशोधनाचा निधी: हा घोळ आता पुरे

हिंसक अतिरेकवाद रोखण्यावर प्रादेशिक संशोधनासाठी निधी जाहीर झाला, की नागपुरातून जाणाऱ्या प्रस्तावांचा साचा ठरलेला असतो. गडचिरोलीच्या युवकांसाठी शिबिरं, स्पर्धा परीक्षांचं मार्गदर्शन, व्हॉलीबॉल स्पर्धा, आश्रमशाळांत व्याख्यानं आणि शेवटच्या पानावर ‘संशोधन अहवाल’. यातलं एकही काम वाईट नाही. पण हा कार्यक्रम झाला. संशोधनाच्या निधीसाठी तो पाठवला की नाकारला जातो, मग ‘विदर्भाला कोणी विचारत नाही’ अशी तक्रार सुरू होते, आणि जे संशोधन व्हायलाच हवं होतं ते आणखी लांबणीवर पडतं.

कार्यक्रम म्हणजे काय, हे विदर्भात कोणाला समजवायला नको. नक्षलवाद्यांसाठी राज्याची २००५ पासूनची आत्मसमर्पण योजना, गावबंदीचे ठराव, पोलिसांचे जनजागरण मेळावे आपण जवळून पाहिले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी जानेवारी २०१६ मध्ये कृती आराखडा मांडून सांगितलं, की नुसत्या बंदोबस्तावर थांबू नका, कारणांवरही काम करा. आपल्याकडे ते कमीअधिक प्रमाणात आधीच चालू होतं.

कार्यक्रमाने उत्तर गृहीत धरलेलं असतं. रोजगार दिला की तरुण दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, जाणार नाही, हे एकदा मानलं की पैसा लागतो तो रोजगार मेळावे घ्यायला. संशोधनाला पैसा लागतो तो हे मानणं खरं आहे का, ते तपासायला. म्हणून कार्यक्रम विचारतो, ‘किती जणांपर्यंत पोचलो?’ आणि संशोधन विचारतं, ‘पोचलो नसतो तर काय झालं असतं?’ हा दुसरा प्रश्न ज्या प्रस्तावात नाही, त्याला मी संशोधनाचा प्रस्ताव मानत नाही.

गावबंदीचंच घ्या. नक्षलवाद्यांना गावात येऊ देणार नाही, असा ठराव ग्रामसभा करते आणि शासन त्या गावाला विकासासाठी निधी देतं. कार्यक्रमाच्या अहवालात ठरावांची संख्या हेच यश. संशोधकाने मात्र विचारायला हवं, की ठरावामुळे त्या गावांतली भरती घटली, की जिथे दलमचा वावर आधीच ओसरला होता त्याच गावांना ठराव करायचं बळ आलं? दोन्ही बाबतींत आकडे सारखेच दिसतील. फरक कळायचा तर ठराव न केलेली शेजारची गावंही अभ्यासात घ्यावी लागतात. जंगल तेच, रस्त्याची अवस्था तीच, बोली तीच, फक्त ठराव नाही. कपाशीच्या नव्या वाणाची चाचणी घेताना शेजारी जुन्या वाणाचा पट्टा राखतात, तसंच हे. आपल्या प्रस्तावांतून हा पट्टाच गायब असतो, कारण जिथे आपलं काम नाही तिथे खर्च कशाला, असं संस्थेला वाटतं. संशोधनात तोच खर्च सर्वांत मोलाचा.

दुसरा घोळ मुलाखतींचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. आता फक्त शरण आलेल्यांशी बोलून अहवाल लिहायचा मोह वाढणारच. समजा बहुतेकांनी गरिबीचं कारण सांगितलं आणि आपण लिहून टाकलं, की गरिबीमुळे तरुण बंदूक उचलतात. पण तेवढीच गरिबी सोसून दलममध्ये न गेलेले तरुण कितीतरी जास्त आहेत, त्यांना कोणी विचारलंच नाही. एक भाऊ गेला आणि दुसरा तेंदूपत्ता तोडत घरी राहिला, तो का राहिला? रोखण्याचं काम करणाऱ्यांना याच उत्तराची गरज आहे, आणि ते शरण आलेल्याकडे नसतं. शिवाय त्याचं पुनर्वसन शासनाच्या हाती असतं. तो काय सांगेल आणि काय गाळेल, याचा विचार अहवालात आलाच पाहिजे.

यातून माझं ठाम मत असं, की शिबिरं घेणाऱ्या संस्थेने स्वतःच्या शिबिरांवर संशोधन करू नये. ‘काही परिणाम दिसला नाही’ हा संशोधनाचा रास्त निष्कर्ष असतो. पुढच्या वर्षीचा निधी त्याच शिबिरांवर अवलंबून असताना तो लिहायला कोण धजावेल?

बाकीचे फरक किरकोळ. कार्यक्रमाचा पैसा मंडप, जेवण, साहित्य यांवर जातो, संशोधनाचा मुख्यतः माणसांच्या वेळेवर. निधी परदेशी असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. पण प्रामुख्याने संशोधन किंवा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थेत, गावोगावची माहिती गोळा करणाऱ्यांचे आणि तिचं विश्लेषण करणाऱ्यांचे पगार या मर्यादेत धरत नाहीत. आपल्या सीएला हे आधीच सांगा. असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवणंही त्याच दुरुस्तीने बंद झालं. दिल्लीने निधी आणायचा, प्रश्नावली तिथेच ठरवायची आणि नागपूरने फॉर्म भरून द्यायचे, ही वाट परदेशी पैशापुरती तरी संपली. मला त्याचं फारसं दुःख नाही. गडचिरोलीचा धागा बस्तरशी आणि गोंदियाचा बालाघाटशी कसा जोडलेला आहे, हे इथे बसलेल्या माणसाला जास्त कळतं. आणि माडिया ही इथली आदिवासी बोली बोलणाऱ्याला रोजंदारीचा दुभाषा म्हणून नेऊ नका. सहसंशोधक म्हणून त्याचं नाव आणि मानधन अंदाजपत्रकात लिहा.

एक फरक मात्र किरकोळ नाही, आणि नेमका तोच हिशेबाच्या वेळी विसरला जातो. कार्यक्रमात उपस्थितीपत्रक हा खर्चाचा पुरावा असतो: नाव, गाव, मोबाइल, सही. संशोधनात तोच कागद जिवावर बेतू शकतो. पोलिसांचा खबऱ्या ठरवून गावकऱ्यांच्या हत्या झाल्या, असा हा मुलूख आहे, आणि दुसऱ्या बाजूने नक्षल समर्थक ठरण्याची भीतीही इथे आहेच. तेव्हा करारावर सही करण्याआधी निधी देणाऱ्याकडून लेखी घ्या, की मुलाखत देणाऱ्यांची नावं मागितली जाणार नाहीत, हिशेबात फक्त सांकेतिक क्रमांक चालतील, आणि नावांची यादी संस्थेबाहेर जाणार नाही. हे मान्य नसेल तर तो निधी घेऊ नका.