चालायला शिकवणारे यंत्र आणि त्याचा आखडता हात

मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, आणि आजही सांगली जिल्ह्यासह सीमेपलीकडच्या कर्नाटकातून रुग्ण उपचारांसाठी या शहरात येतात. त्यांतल्या अर्धांगवायूच्या किंवा मणक्याला इजा झालेल्या रुग्णांच्या घरच्यांना ‘रोबोट चालवतो’ एवढे ऐकून माहीत असते. रोबोटला कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज का पडली, हे मात्र त्याचा इतिहास पाहिल्यावरच कळते.

थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की पाय आळीपाळीने हलवण्याची लय मेंदूच्या आदेशाशिवाय मज्जारज्जूतही निर्माण होऊ शकते. पुढे मज्जारज्जू तुटलेल्या मांजरांना ट्रेडमिलवर सराव देऊन पावले टाकायला शिकवण्यात आले. त्याच धर्तीवर १९८० आणि १९९० च्या दशकांत रुग्णाला पट्ट्यांनी वरून तोलून धरायचे आणि दोन-तीन फिजिओथेरपिस्टनी खाली बसून त्याचे पाय उचलून ठेवायचे, अशी पद्धत रूढ झाली. या कामात रुग्णाआधी फिजिओथेरपिस्टची कंबर धरत असे. म्हणूनच २००० च्या सुमारास झुरिकमध्ये पायांना मोटरचे सांधे जोडणारे ‘लोकोमॅट’ आले.

यंत्र थकत नव्हते, पण सुरुवातीला ते ठरलेल्या मार्गानेच पाय फिरवी. रुग्णाने अंग सैल सोडले तरी पावले पडतच राहत. थोडेफार चालू शकणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या, २००८ आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत यंत्रापेक्षा फिजिओथेरपिस्टच्या हाताखालील रुग्णांचा चालण्याचा वेग अधिक सुधारला. माझ्या मते या क्षेत्राला खरे वळण याच निष्कर्षांनी दिले.

रुग्णाचा स्वतःचा जोर ओळखून त्यानुसार पावलांचा आकृतिबंध बदलण्याच्या पद्धती झुरिकच्या संशोधकांनी २००४ मध्येच मांडल्या होत्या. आता स्नायूंचे विद्युत्संकेत आणि सांध्यांचे कोन यांवरून पाऊल कोणत्या टप्प्यात आहे हे ओळखणे आणि गरजेपुरताच आधार देणे, ही कामे यंत्रशिक्षणाकडे, म्हणजे नोंदींवरून स्वतः शिकणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडे, सोपवली जात आहेत. मात्र २०१७ मध्ये घोट्यावर बसवलेल्या यंत्राने प्रत्येकाच्या चालीशी जुळवून घेत चालण्याचा ऊर्जाखर्च सरासरी २४ टक्क्यांनी घटवला, तो निरोगी माणसांचा. शिवाय सपाट ट्रेडमिलवर शिकलेल्या पद्धतीला घराचा उंबरा आणि शेताचा बांध ठाऊक नसतो.

वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या आढाव्यांनुसार, फिजिओथेरपीच्या जोडीने वापरल्यास अशा यंत्रांचा लाभ पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, अजून चालूच न शकणाऱ्यांना सर्वाधिक होतो. काठी टेकत चालू लागलेल्या रुग्णासाठी हा पुरावा तितका भक्कम नाही.