रेमंड म्हलाबा

म्हलाबा, रेमंड : (१२ फेब्रुवारी १९२०–२० फेब्रुवारी २००५). दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी लढ्याचे नेते, कामगार संघटक आणि ईस्टर्न केप प्रांताचे पहिले प्रीमियर, म्हणजे प्रांतिक सरकारचे प्रमुख (१९९४–९७). घातपाताच्या आरोपावरून चाललेल्या रिव्होनिया खटल्यात (१९६३–६४) नेल्सन मंडेलांसह जन्मठेप झालेल्या आठ जणांपैकी ते एक. पंचवीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्यावर एका नव्याने जुळवलेल्या, अत्यंत गरीब प्रांताचा कारभार आला. त्यांच्याविषयीच्या लेखनात तुरुंगवासाला मोठी जागा मिळते आणि प्रीमियरपदाची पावणेतीन वर्षे दोन ओळींत उरकली जातात. त्यांचे मोल ठरवताना ही वर्षेही तितक्याच बारकाईने पाहायला हवीत.

म्हलाबांचा जन्म फोर्ट ब्यूफर्टजवळच्या माझोका या खेड्यात एका खोसा कुटुंबात झाला. मेथडिस्ट मिशनऱ्यांच्या हील्डटाउन येथील शाळेत ते शिकले. मंडेलाही याच शाळेचे विद्यार्थी. पैशांअभावी शिक्षण अर्धवट सोडून १९४२ मध्ये ते पोर्ट एलिझाबेथला (आताचे गेबेखा) आले आणि कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला लागले. तिथे कामगार संघटनेशी संबंध आला. १९४३ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात आणि पुढच्याच वर्षी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये (एएनसी) दाखल झाले. कम्युनिस्ट पक्षाच्या जिल्हा शाखेचे ते चिटणीस होते. १९५० मध्ये सरकारने पक्षावर बंदी घातली, तोपर्यंत एएनसीच्या पोर्ट एलिझाबेथ शाखेची धुराही त्यांच्याकडे आली होती. दोन्ही संघटनांत एकाच वेळी काम करणे त्या शहरात वावगे मानले जात नसे. गोदीत, कारखान्यात आणि धुलाईखान्यात राबणारी माणसेच दोन्हीकडे होती. १९४९ च्या बसभाडेवाढीविरुद्धच्या बहिष्कारात याच माणसांनी महिनोन्‌महिने पायी ये-जा केली.

या शहरातील आफ्रिकी वस्तीचे नाव न्यू ब्रायटन. बोअर युद्धाच्या काळातील छावण्यांचे नालीदार पत्रे आणून इथली पहिली घरे उभारली होती. ते पत्रे गंजून लाल झाले, म्हणून वस्तीच्या त्या भागाला ‘रेड लोकेशन’ म्हणू लागले. २६ जून १९५२ रोजी पहाटे या वस्तीतून तीसेक स्वयंसेवक म्हलाबांच्या मागे रेल्वे स्थानकाकडे निघाले. स्थानकाला दोन दरवाजे होते : एक गोऱ्यांसाठी, दुसरा बाकीच्यांसाठी. ही मंडळी गाणी म्हणत गोऱ्यांच्या दरवाजाने आत शिरली आणि तिथे वाट पाहत असलेल्या पोलिसांनी त्यांना पकडले. अन्यायकारक कायदे उघडपणे मोडण्याच्या देशव्यापी चळवळीतील ही पहिल्या काही अटकांपैकी एक होती. तेव्हापासून लोक म्हलाबांना ‘वुलिंड्लेला’, म्हणजे वाट मोकळी करणारा, असे म्हणू लागले.

ही चळवळ एएनसी आणि साउथ आफ्रिकन इंडियन काँग्रेस यांनी मिळून उभारली होती. १९०६ ते १९१४ या काळात गांधीजींनी याच देशात लढवलेल्या सत्याग्रहाची परंपरा तिच्यामागे होती. गांधीजींचे चिरंजीव मणिलाल गांधी यांनीही डिसेंबर १९५२ मध्ये जर्मिस्टन येथे अटक करून घेतली. देशभरात आठ हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या ईस्टर्न केपमधले होते. ऑक्टोबर १९५२ मध्ये न्यू ब्रायटन स्थानकावर पोलिसांनी गोळी चालवली, त्यातून दंगल उसळली, आफ्रिकी आणि गोरे अशी दोन्हीकडची माणसे दगावली. सरकारने सभांवर बंदी आणली. तेव्हा म्हलाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गल्लीगल्लीत छोटे गट बांधून काम चालू ठेवले. मंडेलांच्या नावाने ओळखली जाणारी ही गल्लीवार संघटनेची योजना जिथे खरोखर रुजली, अशी ठिकाणे थोडी. पोर्ट एलिझाबेथ त्यांत सर्वांत पुढे होते.

१९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांनी आफ्रिकी निदर्शकांवर गोळ्या झाडून हत्याकांड घडवले, त्यानंतर एएनसीवरही बंदी आली आणि शांततेच्या मार्गावरचा अनेकांचा विश्वास उडाला. १९६१ मध्ये म्हलाबांना अँड्र्यू म्लांगेनी, विल्टन म्क्वायी आदींबरोबर लष्करी शिक्षणासाठी गुप्तपणे चीनला पाठवण्यात आले. ऑगस्ट १९६२ मध्ये मंडेला पकडले गेले, त्यानंतर ‘उमखोंतो वे सिझ्वे’ या एएनसीच्या सशस्त्र संघटनेचे सेनापतिपद म्हलाबांकडे आले. ते फार काळ टिकले नाही. ११ जुलै १९६३ रोजी जोहान्सबर्गबाहेरील रिव्होनिया येथील लिलीजलीफ शेतावर पोलिसांनी धाड घातली. वॉल्टर सिसुलू, गोव्हन म्बेकी, अहमद कथ्राडा आदी नेत्यांबरोबर म्हलाबाही हाती लागले. त्यांच्यावर आणि आधीच तुरुंगात असलेल्या मंडेलांवर मिळून रिव्होनिया खटला चालला. फाशी होणार अशीच सर्वांची समजूत होती. १२ जून १९६४ रोजी न्यायमूर्ती क्वार्टस डी वेट यांनी जन्मठेप सुनावली.

रॉबेन बेटावरील तुरुंगातही वर्णभेदाची उतरंड होती. कथ्राडा भारतीय वंशाचे, म्हणून त्यांना लांब पँट मिळाली; आफ्रिकी कैद्यांना, वय काहीही असो, अर्धी चड्डी. पाव भारतीयांना मिळे, आफ्रिकींना नाही. दिवसभर चुन्याच्या खाणीत काम. याच खटल्यात जन्मठेप झालेले, पण गोरे असलेले डेनिस गोल्डबर्ग तर या बेटावर आलेच नाहीत. त्यांना प्रिटोरियात वेगळे ठेवले. बेटावर एएनसीच्या कैद्यांनी आपले एक वरिष्ठ मंडळ नेमले. मंडेला, सिसुलू, म्बेकी आणि म्हलाबा हे त्याचे सदस्य. चौघेही खोसाभाषक असल्यामुळे इतर कैद्यांत कुरबुर होई, आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. मार्च १९८२ मध्ये मंडेला, सिसुलू, म्लांगेनी यांच्याबरोबर म्हलाबांना केपटाउनजवळील पोल्समूर तुरुंगात हलवले. तिथे असतानाच १९८६ मध्ये, खास परवानगी मिळवून, त्यांनी दिडेका हेलिसो यांच्याशी विवाह केला. पहिल्या पत्नी जॉइस यांचे १९६० मध्येच अपघाती निधन झाले होते.

१५ ऑक्टोबर १९८९ रोजी सिसुलू, कथ्राडा आदींबरोबर त्यांची सुटका झाली. मंडेला तेव्हाही आतच होते. एएनसीवरील बंदी उठायला आणखी साडेतीन महिने लागले. १९९१ मध्ये म्हलाबा पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडून आले आणि १९९२ मध्ये त्यांना ‘इसित्वालांद्वे’ हा एएनसीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. एव्हाना ते सगळ्यांचे ‘ऊम रे’, म्हणजे रे काका, झाले होते.

एप्रिल १९९४ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एएनसीने ईस्टर्न केप विधानमंडळाच्या ५६ पैकी ४८ जागा जिंकल्या आणि म्हलाबा प्रीमियर झाले. हे पद आपल्याकडील मुख्यमंत्रिपदासारखे आहे. विधानमंडळ आपल्या सदस्यांतून प्रीमियर निवडते. राज्यपाल नसतो, त्यामुळे प्रांतिक विधेयकांवर प्रीमियरच सही करतो. शाळा, दवाखाने, प्रांतिक रस्ते आणि त्या काळी वृद्धांची निवृत्तिवेतनेही प्रांताकडे होती. पैसा मात्र जवळजवळ सगळा केंद्राकडून येई.

अडचणीचे मूळ प्रांताच्या रचनेतच होते. ट्रान्स्काय आणि सिस्काय हे वर्णभेदी राजवटीने ‘स्वतंत्र देश’ म्हणून उभे केलेले दोन प्रदेश (अनुक्रमे १९७६ आणि १९८१) आणि जुन्या केप प्रांताचा पूर्व भाग, अशा तीन तुकड्यांतून हा प्रांत शिवला गेला. प्रत्येक तुकड्याची स्वतःची खाती, वेतनश्रेणी, निवृत्तिवेतनाचे नियम आणि कागदपत्रे होती. लोकसंख्या साठ लाखांच्या वर आणि त्यातील बहुसंख्य ग्रामीण, गरीब. तडजोडीने झालेल्या सत्तांतरात जुन्या सरकारी नोकरांच्या नोकऱ्यांना घटनात्मक संरक्षण मिळाले होते. लढ्यातील एक ज्येष्ठ नेते जो स्लोव्हो यांनीच १९९२ मध्ये हा तोडगा पुढे केला होता आणि रक्तपात टाळण्यासाठी तो आवश्यकही होता. पण त्याची किंमत सर्वांत जास्त मोजली ती ईस्टर्न केपने. एकाच कामासाठी तीन-तीन अधिकारी, आणि कुणालाही काढता येत नाही. पगारपत्रकावर नावे आहेत, पण माणसे सापडत नाहीत. म्हाताऱ्यांचे पैसे वेळेवर पोहोचत नाहीत. अशा तक्रारींचा ढीग प्रीमियरच्या टेबलावर रोज वाढत होता.

प्रांताचे शासन बसले भिशो या गावी, सिस्काय राजवटीने बांधलेल्या इमारतींत. याच गावाच्या वेशीवर ७ सप्टेंबर १९९२ रोजी सिस्कायच्या सैनिकांनी एएनसीच्या मोर्चावर गोळ्या झाडून २८ मोर्चेकऱ्यांना ठार केले होते. दोन वर्षे उलटायच्या आत त्याच पक्षाचे सरकार, त्याच राजवटीचे कारकून आणि अधिकारी हाताशी घेऊन, तिथून राज्य करू लागले. म्हलाबांनी सूडाची भाषा केली नाही. सलोखा त्यांच्या स्वभावातच होता आणि सगळ्यांना एकत्र बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. मात्र खात्यांवर पकड ठेवणे, हिशेब तपासणे, नाकर्त्यांना बाजूला सारणे ही कामे त्यांच्याकडून झाली नाहीत. कारभार ढिला असल्याची टीका विरोधकांनी केली तशी त्यांच्या पक्षातूनही झाली. १९९५ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले, त्यामुळे ओझे वाढलेच.

१९९७ च्या सुरुवातीला पक्षाने त्यांच्या जागी माखेंकेसी स्टोफिले यांना आणले. स्टोफिले वयाने बरेच तरुण होते आणि संसदेत एएनसीचे मुख्य प्रतोद राहिलेले होते. तरीही पुढच्या सरकारांना हीच दुखणी पुरून उरली. प्रांताची घडी प्रीमियर बदलूनही बसली नाही, हे पाहता सारे खापर म्हलाबांवर फोडणे अन्यायाचे आहे. ते कुशल प्रशासक नव्हते, हे खरे. पण ज्याची उमेदीची सारी वर्षे तुरुंगात गेली, त्याला प्रशासन शिकायला वेळ कुणी दिला होता? आणि त्यांच्या काळात हा तीन तुकड्यांचा प्रांत फुटला नाही, ट्रान्स्काय आणि सिस्कायचे जुने सैनिक व नोकर नव्या व्यवस्थेत सामावले गेले, ही कामगिरी हिशेबाच्या वह्यांत दिसत नसली तरी मोठी आहे.

पदावरून दूर झाल्यावर त्यांची युगांडात दक्षिण आफ्रिकेचे उच्चायुक्त म्हणून नेमणूक झाली. रवांडा आणि बुरुंडी या देशांचे कामही त्यांच्याकडेच होते. २००१ मध्ये ते निवृत्त होऊन पोर्ट एलिझाबेथला परतले. त्याच वर्षी त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या. २० फेब्रुवारी २००५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये न्कोंकोबे आणि न्क्सुबा या दोन नगरपालिका एकत्र करून बनवलेल्या नव्या नगरपालिकेला रेमंड म्हलाबा यांचे नाव देण्यात आले. त्यांचे जन्मगाव ज्या फोर्ट ब्यूफर्ट परिसरात येते तो, तसेच फोर्ट हेअर विद्यापीठाचे गाव अ‍ॅलिस, ही दोन्ही ठिकाणे तिच्या हद्दीत आहेत.