खोकला छातीत, फोड तोंडात

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला ११ वर्षांचा एक मुलगा पावसाळ्यात आठवडाभर खोकत होता. अंगात ताप होताच. मग एका सकाळी ओठ सुजले, तोंडभर फोड आले, डोळे लालबुंद झाले. हातापायांवर मात्र पुरळ अगदी तुरळक. जिन्यातच निदानं सुरू झाली. 'उष्णता झालीय, सब्जा द्या.' 'त्या सिरपचीच रिअ‍ॅक्शन.' एक आजी म्हणाल्या, 'देवीचं दिसतंय. औषध देऊ नका, उशाशी कडुलिंब ठेवा.' देवीचा रोग जगातून संपल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, पण हे 'औषध देऊ नका' काही आपल्या घरांतून गेलेलं नाही. मला त्याचा मनापासून राग येतो. कडुलिंबानं काही बिघडत नाही, डॉक्टरांकडे न नेल्यानं बिघडतं.

पाळणाघरातल्या लहानग्यांना होतो तो हात-पाय-तोंडाचा आजार वेगळा. त्यात विषाणू खुद्द फोडातच असतो. या मुलाच्या तपासणीत निघाला मायकोप्लाझ्मा न्यूमोनिये नावाचा जीवाणू, आणि त्याचा मुक्काम होता श्वासनलिकेत. मग फोड तोंडात कसे?

हा जीवाणू मला फार विलक्षण वाटतो. त्याला पेशीभित्तिकाच नाही. पेनिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन ही औषधं जीवाणूची भिंतच बांधू देत नाहीत. इथे भिंतच नसल्यामुळे ती निरुपयोगी. त्याचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम ८ लाख १६ हजार अक्षरांचा, म्हणजे ई. कोलायच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर जगायचं तर दुसऱ्याच्या पेशीला घट्ट धरून बसावं लागतं. त्यासाठी त्याला एक निमुळतं टोक असतं. त्या टोकानं तो आपल्या पेशींवरच्या साखरेच्या साखळ्या पकडतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. तशाच साखळ्या आपल्या लाल रक्तपेशींवरही असतात. तान्ह्या बाळात त्या सरळ असतात, दीड-दोन वर्षांत त्यांना फांद्या फुटतात आणि त्या फांद्यांच्या रूपाला रक्तशास्त्रात 'आय' प्रतिजन (प्रतिकारशक्ती जिला ओळखते अशी खूण) म्हणतात. जीवाणू साखळीला चिकटलेला असताना प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते आणि जीवाणूबरोबर साखळीलाही परकं समजते. तयार होतात आयजीएम प्रकारच्या प्रतिपिंडांचे, म्हणजे परक्याला पकडणाऱ्या प्रथिनांचे रेणू. एकेका रेणूला पकडायला दहा जागा, म्हणून तो अनेक रक्तपेशी एकत्र बांधू शकतो. पण ही पकड थंडीतच बसते. पूर्वी डॉक्टर रुग्णाच्या खाटेपाशीच हे पाहत: न गोठणारं केलेलं थोडं रक्त नळीत घ्यायचं, नळी बर्फाच्या पाण्यात धरायची. काचेवर रक्ताचे बारीक कण दिसू लागतात. तीच नळी मुठीत धरून ऊब दिली की कण विरघळतात, रक्त पुन्हा एकसारखं वाहू लागतं.

तोंडातले फोड या रक्तपेशी एकत्र बांधणाऱ्या प्रतिपिंडांमुळे येत नाहीत. पण हा जीवाणू शरीराला स्वतःवरच हात उगारायला लावू शकतो, हे त्या नळीत डोळ्यांना दिसतं. त्वचेवरच्या आणि तोंडातल्या फोडांबाबत दोन तर्क मांडले जातात. एक, जीवाणू आणि प्रतिपिंडांचे गठ्ठे रक्तातून जाऊन तिथे अडकतात. दुसरा, जीवाणूची काही प्रथिनं आपल्या पेशींच्या प्रथिनांसारखी दिसतात आणि ओळखण्यात चूक होते. संसर्ग आणि फोड यांच्यात जे काही दिवस जातात, ते दोन्ही तर्कांशी जुळतात.

२०१५ मध्ये अशा २०२ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. ९४ टक्क्यांचं तोंड आलं होतं, ८२ टक्क्यांच्या डोळ्यांना त्रास होता. पुढे लक्षात आलं, की फ्लू, कोविड अशा इतर संसर्गांनंतरही असं होतं. म्हणून खोकल्या-तापानंतर मुलाचे ओठ सोलवटले, डोळे लाल झाले किंवा लघवीला आग होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवावं लागतं, कारण तिथे व्रण राहू शकतात. तोंड दुखतं म्हणून मूल पाणी सोडतं आणि बऱ्याचदा सलाइनसाठीच भरती करावं लागतं. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

राहिला सिरपचा प्रश्न. औषधानंही तोंडात आणि अंगावर असेच फोड येऊ शकतात आणि तो प्रकार जास्त गंभीर असतो, म्हणून तो निर्णय जिन्यात करायचा नाही. या मुलाच्या आईनं खोकला कधी सुरू झाला आणि सिरपचा पहिला चमचा कधी दिला, हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांनी सगळ्यात आधी ते पान मागितलं.