गाजरगवत: तण जळणं वेगळं आणि बी थांबणं वेगळं

तणनाशक फवारून आठ-दहा दिवसांनी बांधावर जाऊन बघा, रोपात असताना मारलेलं गाजरगवत पिवळं पडलेलं असतं आणि पांढऱ्या फुलावर आल्यावर मारलेलं पण तसंच पिवळं दिसतं, मग आपण म्हणतो औषध लागू पडलं, विषय संपला. पण फरक तिथं दिसतच नाही, तो पुढच्या पावसात दिसतो.

हे गवत उगवल्यापासून साधारण 4 ते 6 आठवड्यांत फुलायला लागतं. म्हणजे जूनच्या पहिल्या पावसावर उगवलेलं जुलैअखेर फुलात, आणि नेमके तेव्हा आपण सगळे पिकातल्या खुरपणीत अडकलेले, बांध तसाच राहतो. त्या एवढ्याशा पांढऱ्या फुलात 5 बिया धरतात, आणि एका मोठ्या झाडाला 10 ते 25 हजारांपर्यंत बी होऊ शकतं.

पानांचा गुच्छ अजून जमिनीलगत आहे, मधून दांडा वर निघाला नाही, तेव्हा मारलं तर झाड बी न देताच मरतं. औषधही कमी लागतं कारण पानं कोवळी असतात. (शेजारी कपाशी असेल तर मात्र टू-फोर-डी (2,4-D) या तणनाशकाचा विचारच करू नका, वाऱ्यानं थोडा तुषार गेला तरी कपाशीची पानं आखडतात.)

फुलावर आल्यावरचं गणित जरा गुंतागुंतीचं आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत पसरणारं, ते अन्नरसाबरोबर वाढत्या भागाकडे जातं, म्हणून फुलं नुकतीच उमलली असतील तर कोवळं बी भरायचं थांबू शकतं, थोडाफार फायदा होतो. पण जे बी काळं पडून घट्ट झालंय त्याचं काहीच बिघडत नाही, झाड वाळतं आणि बी खाली सांडतं, मातीत गाडलं गेलं तर कित्येक वर्षं जिवंत राहतं. पॅराक्वाटसारखं नुसतं जाळणारं औषध असेल तर वरची पानं करपतात आणि मोठं झाड बुडातून परत फुटून फुलतं!

म्हणून मारायच्या आधी चार फुलं हातमोजे घालून चुरडून बघा, काळं बी निघालं तर पंपभर औषध वाया घालवू नका. आणि पहिली फवारणी जमली तरी महिन्याभरानं बांधावर परत चक्कर मारा, प्रत्येक चांगल्या पावसावर याची नवी रोपं येतात.