भावनिक प्रतिक्रियाशीलता (दांपत्य-समुपदेशन)

जोडीदाराच्या एखाद्या शब्दाने, स्वराने किंवा कपाळावरच्या नुसत्या आठीनेही विचार करायला उसंत न मिळता माणूस पेटून उठतो किंवा मिटून जातो. या सवयीला दांपत्य-समुपदेशनात भावनिक प्रतिक्रियाशीलता म्हणतात. ‘शब्दाने शब्द वाढला’ असे आपण सहज म्हणून जातो. तो कसा वाढतो आणि मधेच कुठे अडवता येतो, एवढाच खरे तर या विषयाचा आवाका. समुपदेशकाकडे येणारी जोडपी भांडणाचा विषय घेऊन येतात: पैसा, मुले, उशिरा घरी येणे. त्या विषयाचा निवाडा व्हावा, अशी दोघांचीही अपेक्षा असते. समुपदेशकाचे लक्ष मात्र आधी भांडणाच्या वेगाकडे जाते.

ही संकल्पना रुजवण्यात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरी बोवेन (1913–1990) यांचा मोठा वाटा आहे. कुटुंबाकडे एक भावनिक व्यवस्था म्हणून पाहणाऱ्या बोवेन यांनी ‘स्व-विभेदन’ ही कल्पना मांडली. जवळच्या माणसाशी नाते न तोडता, त्याच्या अस्वस्थतेने स्वतः न पेटता, आपले म्हणणे शांतपणे मांडता येणे, असा तिचा साधारण अर्थ. ज्यांना हे जमत नाही ते एक तर दुसऱ्याच्या मनःस्थितीत वाहून जातात, नाही तर संबंधच तोडून मोकळे होतात. वरवर उलट दिसणाऱ्या या दोन्ही गोष्टी बोवेन एकाच माळेत बसवतात. बैठकीत ते जोडीदारांना एकमेकांशी न बोलता आपल्याशी बोलायला लावत. एक बोलत असताना दुसऱ्यावर उत्तर देण्याची सक्ती नसे, त्यामुळे तो प्रथमच नीट ऐकू शके. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढून घेतले जाते, हे त्यांचे निरीक्षणही समुपदेशकाने गाठीशी बांधावे असे आहे. ‘तुम्हीच सांगा, कोणाचे चुकले?’ या प्रश्नातून नेमके तेच घडत असते.

शरीर या गोष्टीत किती गुंतलेले असते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हन्सन आणि जॉन गॉटमन यांच्या कामातून पुढे आले. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 30 जोडप्यांना नाडी वगैरे मोजणारी यंत्रे जोडून वादाच्या विषयावर बोलायला लावले होते. असमाधानी जोडप्यांत दोघांच्या शरीरातले चढउतार एकमेकांशी अधिक जुळलेले आढळले. एकाची छाती धडधडू लागली की दुसऱ्याचीही. पुढे गॉटमन यांनी ‘पूर येणे’ हा शब्द रूढ केला. नाडी मिनिटाला सुमारे 100 च्या पलीकडे गेली की ऐकणे, समजून घेणे, विनोद सुचणे हे सारे वाहून जाते आणि हल्ला किंवा पळ एवढेच उरते. एका प्रयोगात त्यांनी यंत्रात बिघाड असल्याचे सांगून भांडण मधेच थांबवले आणि जोडप्यांना मासिके चाळत बसवले. वीसेक मिनिटांनी संभाषण पुन्हा सुरू झाले तेव्हा नाडी उतरलेली होती आणि बोलण्याचा सूरही बदललेला होता. त्या वेळात कोणी त्यांना काहीही शिकवले नव्हते, ही यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट.

म्हणून बहुतेक पद्धतींत ‘थांबा’ हे पहिले कौशल्य असते, आणि सर्वांत जास्त बिघडते तेही तेच. भर भांडणात ‘मला बोलायचेच नाही’ म्हणून दार आपटून जाणे याला थांबणे म्हणत नाहीत. तो अबोला. दुसऱ्याला तो शिक्षेसारखा लागतो आणि त्याचा भडका आणखी वाढतो. थांबण्याची खूण शांत असतानाच ठरलेली हवी. परत कधी बोलायचे ती वेळ जाण्याआधी सांगितली पाहिजे, आणि थांबायला ज्याने सांगितले त्यानेच विषय पुन्हा काढायचा. किमान वीस मिनिटे हवीत. त्या वेळात मनातल्या मनात उत्तरे जुळवत बसले, तर शरीर काही निवत नाही.

वाद निघतो कसा, यालाही महत्त्व आहे. सिबिल कॅरेर आणि गॉटमन यांनी 124 नवविवाहित जोडप्यांचा 6 वर्षे मागोवा घेतला. वादाच्या पहिल्या 3 मिनिटांतला सूर पुढे कोण विभक्त होईल याचा अंदाज देत होता. ‘तू नेहमीच असा वागतोस’ ऐवजी ‘काल मी एकटीच बसून होते, मला वाईट वाटले’ अशी सुरुवात जोडप्यांकडून करून घेतात, ती यासाठी. याउलट, जोडीदाराचे वाक्य जसेच्या तसे परत म्हणून दाखवण्याचा जो व्यायाम अनेक ठिकाणी शिकवतात, तो तापलेल्या डोक्याने करणे जवळजवळ अशक्य असते. गॉटमन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये त्यावर बोट ठेवले: सुखी जोडपीदेखील भांडताना असे बोलत नाहीत. यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. हा व्यायाम डोके शांत झाल्यावर, भाषा शिकताना करतो तसा करावा, हे बरे.

सू जॉन्सन (1947–2024) आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी 1980 च्या दशकात मांडलेली भावनाकेंद्रित पद्धत रागाच्या खाली उतरते. एक जण खोदून खोदून विचारतो, दुसरा टाळतो. टाळले म्हणून पहिला आणखी विचारतो, आणि विचारले म्हणून दुसरा आणखी टाळतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ‘मी याच्या खिजगणतीत आहे का?’ हे भय असते आणि टाळणाऱ्याच्या मनात ‘मी काहीही केले तरी कमीच पडणार’ हे. समुपदेशक एकच क्षण धरून तो अगदी सावकाश उलगडतो. तिने घड्याळाकडे पाहिले तेव्हा तुमच्या पोटात काय झाले? मग तुम्ही काय केलेत? ते तिला कसे दिसले असेल? भय बोलून दाखवले की समोरच्याला प्रतिहल्ल्यासाठी काही हाती लागत नाही.

अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांच्या पद्धतीत भांडणालाच तिसऱ्या खुर्चीवर बसवतात आणि ‘ते पुन्हा आले’ असे दोघे मिळून त्याच्याकडे पाहतात. एली फिंकेल यांच्या 2013 मधल्या प्रयोगाची कल्पनाही याच जातीची. 120 जोडप्यांपैकी निम्म्यांनी दोन वर्षांच्या या अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षात 7-7 मिनिटांचे तीन लेखन-व्यायाम केले. दोघांचेही भले चिंतणाऱ्या तटस्थ माणसाला आपले भांडण कसे दिसेल, हे त्यांनी लिहिले. त्यांची भांडणे कमी झाली नाहीत, पण त्यांचा मनस्ताप कमी झाला आणि वैवाहिक समाधानाची घसरण थांबली.

प्रतिक्रिया आवरणे म्हणजे राग गिळणे, असा समज सर्रास आढळतो. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांच्या 2003 मधल्या अभ्यासात परस्परांना अनोळखी असलेल्या स्त्रियांच्या जोड्या होत्या. एकीने भावना चेहऱ्यावर दिसू न देता संभाषण केले, तेव्हा समोरचीचाही रक्तदाब वाढला. दाबलेला राग घरात सगळ्यांना कळतो.

हे सारे दोघेही सारख्याच निर्भयपणे बोलू शकतात, असे गृहीत धरते. समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी 1995 मध्ये भांडणाच्या भरात हात उगारला जाणे आणि जोडीदाराला धाकात ठेवण्यासाठी पद्धतशीर केलेली हिंसा यांत फरक केला. दुसऱ्या प्रकारात संयम सुटलेला नसतो, उलट तो नको तितका शाबूत असतो. तिथे पीडित व्यक्तीला ‘तुझा सूर सौम्य कर’ असे शिकवणे घातक ठरते, आणि बैठकीत मोकळेपणी बोलल्याची किंमत तिला घरी मोजावी लागू शकते. त्यामुळे सुरुवातीला दोघांना एकेकटे भेटून, मारहाण आणि भीतीविषयी थेट विचारून घेतले जाते. प्रत्येक उत्तराआधी जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहणारी व्यक्ती समोर असेल, तर एकत्र बैठका लांबणीवर टाकून आधी तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था पाहतात.